मानसिक संकटाचे पहिले काही तास: काय ओळखावे, कोणाला बोलवावे, कोणत्या क्रमाने

ठाणे आणि नवी मुंबईतील शुभंकरांच्या, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांच्या, बैठकांना मी बरीच वर्षे जातो. तिथे ऐकलेल्या हकिगतींत माया कमी पडल्याचे क्वचितच दिसते. चुकतो तो क्रम. आधी समजूत घातली जाते, मग भांडण होते, मग गावाहून मामांना बोलावले जाते, मग कोणीतरी सांगितलेल्या ठिकाणाहून गंडा बांधून आणला जातो, आणि अशा चार-पाच रात्री गेल्यावर पहाटे तीन वाजता, हातात एकही कागद नसताना, रुग्णालयाचा रस्ता धरला जातो. पुढील टप्पे तो क्रम नीट लावण्यासाठी आहेत.

आधी हे: घरात या क्षणी कोणी जिवाला अपाय करण्याच्या बेतात असेल, तर त्या माणसाला एकटे न सोडता थेट टप्पा ३ आणि टप्पा ६ वाचावा. वाचणाऱ्याच्या स्वतःच्याच मनात असे विचार असतील, तर १४४१६ हा क्रमांक लावावा आणि शेजारच्या खोलीतल्या किंवा शेजारच्या घरातल्या माणसाला हाक मारावी. काय सांगायचे ते ठरवून ठेवण्याची गरज नाही; "मला एकटं राहायची भीती वाटते" एवढे पुरते.

## टप्पा १: घर शांत असताना करायची तयारी

ज्या घरात पूर्वी एकदा तरी असे संकट आले आहे, त्या घरात हा टप्पा एका रविवारी बसून पुरा करावा. सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे एक पान लिहून काढणे. त्यावर रुग्णाचे नाव व वय, डॉक्टरांनी केलेले निदान त्यांच्याच शब्दांत, चालू औषधांची नावे व मात्रा, मधुमेह, थायरॉइड, फिट येणे यांसारखे इतर आजार, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, मागच्या वेळी काय झाले होते व कशाने उतार पडला ते, मनोविकारतज्ज्ञांचे नाव व दवाखान्याचा फोन आणि दोन नातेवाइकांचे क्रमांक असावेत.

औषधाचे नाव गोळ्यांच्या पाकिटावरून अक्षर न् अक्षर उतरवावे. "सकाळी पिवळी, रात्री पांढरी अर्धी" या माहितीचा अपघात विभागातल्या डॉक्टरांना काहीही उपयोग होत नाही. पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवावे आणि त्याचा फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. एकाच मोबाइलमध्ये ठेवला, तर नेमका तो माणूस त्या रात्री पुण्याला असतो.

पानासोबत एक पिशवी तयार असावी: आधार कार्डाची प्रत, रेशन कार्ड, आरोग्य विम्याचे कार्ड, जुने डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांनी औषधे लिहून दिलेली शेवटची चिठ्ठी. बाथरूम आणि झोपण्याच्या खोलीची कडी बाहेरून उघडता येईल अशी करून घ्यावी. सुताराचे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि बैठकीत ज्यांनी ते टाळले त्यांतल्या दोघांना पुढे दार फोडावे लागले.

घराजवळच्या दोन रुग्णालयांना फोन करून दोन प्रश्न विचारून ठेवावेत: रात्री मनोविकारतज्ज्ञांना बोलावण्याची सोय आहे का, आणि मानसिक आजाराच्या रुग्णाला दाखल करून घेता का. अनेक लहान नर्सिंग होममध्ये दोन्हींचे उत्तर नकारार्थी येते. ते उत्तर रविवारी दुपारी कळलेले बरे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्ण बरा असताना आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. त्यासाठी साध्या कागदावर सहीनिशी लिहिलेले चालते. मोठ्या कुटुंबात ऐन वेळी काका एक म्हणतात आणि मेहुणे दुसरे, तेव्हा डॉक्टरांनी कोणाशी बोलायचे हे या कागदाने ठरते.

तपासून पाहा: घरातल्या सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसाला, बहुधा आजोबांना किंवा कॉलेजातल्या मुलाला, ते पान आणि पिशवी न सांगता सापडते का?

## टप्पा २: हे संकट आहे का, ते ओळखणे

माणूस दुःखी आहे किंवा चिडला आहे एवढ्याने संकट ठरत नाही. वागणे त्याच्या नेहमीच्या रीतीपेक्षा वेगळे झाले आहे का आणि बदल झपाट्याने होत आहे का, हे पाहावे. त्यानंतर तीन गोष्टी पाहाव्यात: जिवाला धोका, देहधर्म आणि वास्तवाचे भान. तिन्हींपैकी एक जरी बिघडली असेल, तरी मदत त्याच दिवशी मिळवायची असते.

जिवाच्या धोक्याची खूण अनेकदा साध्या वाक्यात असते. "मी तुम्हाला ओझं झालोय", "आता फार दिवस त्रास देणार नाही", "माझ्यामागे आईकडे बघशील ना". कोणी अचानक बायकोला विम्याचे कागद आणि बँकेचे पासवर्ड समजावून सांगू लागतो, कोणी आवडती वस्तू भाच्याला देऊन टाकतो, कोणी वर्षानुवर्षे न बोललेल्या मित्रांना फोन करून माफी मागतो. महिनोन्महिने खचलेला माणूस कोणत्याही कारणाशिवाय एकदम शांत आणि हलका दिसू लागला, तर घरच्यांना हायसे वाटते. ती सुधारणा असू शकते, पण निर्णय घेऊन झाल्याची शांतताही असू शकते, म्हणून त्या दिवशी पहारा सैल करू नये. "गर्जेल तो पडेल काय" ही म्हण मरणाच्या गोष्टी बोलणाऱ्याला लावणे ही या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे. ज्यांनी जीव दिला, त्यांच्यापैकी अनेकांनी आधी कोणाला ना कोणाला सुचवलेले असते.

देहधर्माची खूण मोजता येते. सलग दोन-तीन रात्री झोप नाही, जेवण सुटले आहे, पाणीही घेत नाही. यात एक प्रकार फसवा असतो: माणूस तीन रात्री जागा असूनही ताजातवाना असतो, भराभर बोलतो, पहाटे चारला ऑर्डरी देतो, नोकरी सोडून तीन धंदे एकदम काढायचे ठरवतो, कर्ज घेतो. तो आनंदात दिसतो म्हणून घरचे याला आजार म्हणत नाहीत, आणि आठवड्याने भानावर येतात तेव्हा बँक खाते रिकामे झालेले असते. याच्या उलट टोकाला एखादा माणूस एकाच स्थितीत तासन्‌तास बसून राहतो, बोलत नाही, घास तोंडात धरून ठेवतो. त्याला हट्ट किंवा मौन समजले जाते. ही स्थिती तातडीची आहे, कारण पाण्यावाचून शरीर दोन-तीन दिवसांतच कोसळू लागते.

वास्तवाचे भान सुटते तेव्हा काय दिसते, हे मी घरातच पाहिले. माझ्या धाकट्या भावाने पहिल्यांदा टीव्हीच्या लाल दिव्यावर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या जाळीवर वर्तमानपत्रे आली. मग तो घरचे अन्न सोडून फक्त न सोललेली केळी आणि बंद पुड्यातली बिस्किटे खाऊ लागला. आई म्हणत होती, पित्त झाले असेल. केळे आणि बिस्किटच का, हे आम्ही विचारले असते तर अन्नात कोणी काही मिसळत आहे ही त्याची भीती तेव्हाच कळली असती. आम्ही विचारले नाही.

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे वेगळे लक्षात ठेवावेत. बाळंतीण झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र भीती किंवा कल्पना सांगू लागली, तर "ओल्या बाळंतिणीला असं होतं" म्हणून थांबू नये. आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात असतो, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि तोवर बाळाजवळ दुसरे माणूस सतत असावे.

## टप्पा ३: जागा सुरक्षित करणे

डॉक्टरांना फोन लावण्याआधीची पहिली दहा मिनिटे यासाठी द्यावीत. घरातली सगळी औषधे, त्यात आजोबांची रक्तदाबाची आणि आईची झोपेचीही आली, एका डब्यात भरून शेजाऱ्यांकडे ठेवावीत. कीटकनाशके, उंदराचे औषध, फरशी पुसण्याचे ॲसिड, सुऱ्या आणि पाती यांचीही तीच व्यवस्था करावी. उंच इमारतीत गच्चीचे दार कुलूपबंद आहे का, हे सोसायटीच्या वॉचमनला विचारावे आणि त्या माणसाला खालच्या मजल्यावरच्या नातेवाइकाकडे किंवा बाल्कनी नसलेल्या खोलीत बसवता येते का ते पाहावे.

एक माणूस सतत सोबत राहील असे ठरवावे, आणि तो दोन तासांनी बदलावा. सोबत म्हणजे डोळ्यांसमोर. बाहेरच्या खोलीत टीव्ही पाहत बसणे ही सोबत नाही. माणूस चिडलेला असेल, तर सोबत बसणाऱ्याने दाराच्या बाजूला बसावे, हाताच्या अंतरावर जाऊ नये आणि त्याची वाट अडवू नये. लहान मुलांना शेजारी पाठवून द्यावे.

इशारा: बांधून ठेवणे, खोलीत कोंडणे आणि मारणे यांनी धोका वाढतो. उपचारकेंद्रातसुद्धा साखळदंड घालण्यास कायद्याने पूर्ण बंदी आहे. चहात गुपचूप झोपेची गोळी मिसळणे ही आणखी एक चूक: मात्रा किती गेली ते डॉक्टरांना सांगता येत नाही, आणि ज्याला विषप्रयोगाचा संशय आहे त्याच्या संशयाला आपणच पुरावा देतो.

## टप्पा ४: बोलणे आणि सरळ विचारणे

एकाच माणसाने बोलावे, ज्याच्यावर त्याचा त्यातल्या त्यात विश्वास आहे अशाने. आवाज खालचा, वाक्ये छोटी, आणि प्रश्नांमध्ये थांबायला जागा. "काय कमी आहे तुला?", "मुलांकडे तरी बघ", "लोक काय म्हणतील" ही तीन वाक्ये जवळपास प्रत्येक घरात बोलली जातात, आणि ऐकणाऱ्याला त्यांतून एवढेच कळते की आपण या घराला लाज आणली.

आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. उलट, विचारले की बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. बहीण भावाला असे विचारू शकते: "दादा, तुला झोप नाही, जेवण नाही, मला काळजी वाटते. इतका त्रास होतो तेव्हा जीव नकोसा होतो का? मरून जावं असं मनात येतं का?" सून सासऱ्यांना विचारताना "बाबा, तुम्हाला जगणं नको वाटतं का?" असे म्हणेल, आदर राखूनही प्रश्न तितकाच सरळ ठेवता येतो. उत्तर "हो" आले, तर लगेच पुढचे दोन प्रश्न विचारावेत: आज, आत्ता येतंय का? काय करायचं ते ठरवलंय का? मार्ग ठरला असेल आणि साधन हाताशी असेल, तर चर्चा तिथेच थांबवून टप्पा ६ कडे वळावे. "कोणाला सांगणार नाही" असे वचन मात्र देऊ नये. "मी हे एकटीने सांभाळू शकत नाही, पण तुला सोडून जाणार नाही" हे सांगता येते.

भास होत असलेल्या माणसाशी वाद घालू नये आणि त्याच्या होकारात होकारही मिळवू नये. "तुला तो आवाज ऐकू येतोय, मला येत नाही, पण तू घाबरलायस हे दिसतंय" या वाक्यात खोटे काही नाही आणि भांडणही नाही. आवाज काय सांगतो, तेही विचारावे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची आज्ञा आवाज देत असेल, तर ती माहिती डॉक्टरांना सर्वांत आधी द्यायची असते.

## टप्पा ५: शरीराचा आजार तर नाही ना?

हा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो, आणि गाळल्यामुळे माणूस चुकीच्या दारात नेला जातो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस गोंधळला, दिवस-रात्र ओळखेनासा झाला, कधी शुद्धीत तर कधी बडबडत असा हेलकावत राहिला, तर कारण शरीरात असण्याची शक्यता मोठी असते. सत्तरीच्या आजींना अचानक "वेड लागले" असे वाटते, तेव्हा मागे लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे किंवा न्यूमोनिया निघू शकतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याची साखर घरीच लगेच तपासावी; साखर उतरलेला माणूस भांडखोर आणि असंबद्ध होतो. ताप, डोक्याला मार, फिट, बोलताना जीभ जड होणे यांपैकी काहीही असेल, तर पहिला मुक्काम सर्वसाधारण रुग्णालयाचा अपघात विभाग.

रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली असेल, तर विशेष सावध राहावे. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास हात थरथरणे, घाम, नसलेले किडे-माणसे दिसणे आणि पूर्ण गोंधळ सुरू होऊ शकतो. बायकोने शपथ घातली, बाटली फेकली, सगळे खूश झाले आणि तिसऱ्या रात्री हा प्रकार सुरू झाला, अशी हकिगत बैठकीत वर्षातून एकदा तरी येते. उपचार न मिळाल्यास यात जीव जाऊ शकतो. घरी थोडी दारू पाजून निभावण्याचा प्रयत्न न करता रुग्णालय गाठावे.

औषधांचेही काही परिणाम मानसिक झटक्यासारखे किंवा "बाहेरच्या बाधेसारखे" दिसतात. मानसिक आजारावरचे नवे औषध किंवा इंजेक्शन सुरू झाल्यानंतर मान एका बाजूला पिळली जाणे, डोळे वर फिरून अडकणे, जीभ बाहेर येणे हा स्नायूंचा ताठरपणा असतो, आणि अपघात विभागातल्या एका इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासात उतरतो. त्याच औषधांवर असताना खूप ताप, अंग लाकडासारखे कडक आणि शुद्ध हरपणे असे दिसले, तर ती दुर्मिळ पण जीवघेणी गुंतागुंत असू शकते. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेणाऱ्याला पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या आणि नंतर हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, तर लिथियमची रक्तातील पातळी वाढलेली असू शकते. पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

इशारा: कोणी औषधे जास्त घेतली असतील किंवा काही विषारी प्यायले असेल, तर "आता बरं वाटतंय" यावर विसंबू नये. काही औषधांची यकृतावरची इजा दोन-तीन दिवसांनी दिसते आणि उतारा पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतो. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. रिकामी पाकिटे आणि बाटली सोबत न्यावी.

## टप्पा ६: कोणता फोन कशासाठी

१४४१६ हा टेलि-मानस या केंद्र सरकारच्या चोवीस तास चालणाऱ्या मोफत सेवेचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू झाली आणि तिथे मराठीत बोलता येते. दुसरा क्रमांक १-८००-८९१-४४१६. रुग्ण बोलायला तयार नसेल, तर घरच्यांनीही लावावा. हे बोलण्याचे आणि सल्ल्याचे दार आहे. तिथून घराखाली गाडी येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

१०८ ही राज्याची मोफत रुग्णवाहिका सेवा आहे. जखम, विषबाधा, बेशुद्धी, फिट, श्वासाचा त्रास असल्यास आधी हाच.

११२ हा पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत यांचा सामाईक क्रमांक आहे. हातात शस्त्र असेल, आतून दार लावून घेतले असेल, माणूस गच्चीवर गेला असेल किंवा घरातून निघून गेला असेल, तर हा लावावा. माणूस हरवल्याची नोंद करण्यासाठी चोवीस तास थांबावे लागते हा समज चुकीचा आहे.

१८ वर्षांखालील मुलासाठी १०९८ हाही मार्ग आहे.

फोनवर पहिल्या वाक्यात पत्ता, दुसऱ्यात धोका, तिसऱ्यात आजार असा क्रम ठेवावा. "वाशी, सेक्टर १५, अमुक सोसायटी, तिसरा मजला. भावाने गोळ्या जास्त घेतल्यात, अर्ध्या तासापूर्वी, शुद्धीत आहे. नैराश्याचे उपचार चालू आहेत." नवी मुंबईत उपनगराचे नाव वगळून नुसता सेक्टर सांगणे ही हमखास होणारी चूक आहे: सेक्टर १५ वाशीत आहे, ऐरोलीत आहे, कोपरखैरणेत, नेरुळमध्ये आणि बेलापूरमध्येही आहे. घोडबंदर रोडवरच्या संकुलात एकाच नावाचे पाच-सहा टॉवर असतात. विंग सांगावी, एक माणूस मुख्य फाटकावर उभा करावा आणि वॉचमनला लिफ्ट खाली अडवून ठेवायला सांगावे.

पोलिसांना "वेडसर माणसाने गोंधळ घातलाय" असे न सांगता "मानसिक आजार आहे, गुन्हा नाही, रुग्णालयात न्यायला मदत हवी" असे सांगावे. शब्द बदलले की येणाऱ्या हवालदाराचा पवित्रा बदलतो, हे मी पाहिले आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी किंवा धोकादायक ठरू शकणारी व्यक्ती पोलिसांना आढळली, तर कायद्यानुसार त्यांनी तिला लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे असते. कोठडीत ठेवायचे नसते.

## टप्पा ७: कुठे न्यायचे आणि कसे

शरीराला धोका असेल, तर सर्वांत जवळचा अपघात विभाग. नावाजलेले रुग्णालय शोधत बसू नये. ठाण्यात महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईत वाशीचे महापालिका रुग्णालय ही सार्वजनिक ठिकाणे माहीत असावीत. विषबाधा किंवा जखम झालेल्याला मनोरुग्णालयात नेऊ नये. तिथून परत पाठवले जाण्यात वेळ जातो.

शरीर ठीक आहे, पण मनाचा तोल सुटला आहे, अशा वेळी नेहमीच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन, ते नसतील तर टप्पा १ मध्ये ठरवलेले रुग्णालय किंवा ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. १९०१ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय मुलुंड चेक नाक्यापासून फार दूर नाही. "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद आपण सगळ्यांनी केलेला असतो, आणि त्याची किंमत अशी की पाच किलोमीटरवर राहणारी कुटुंबे ती पायरी चढायला वर्षानुवर्षे कचरतात. समुपदेशनासाठी ठाण्यात आयपीएचसारख्या (इन्स्टिट्यूट फॉर सायकोलॉजिकल हेल्थ) संस्था आहेत. परंतु समुपदेशनाची भेट पुढच्या आठवड्यात ठरवून आजचे संकट पुढे ढकलू नये.

अस्वस्थ किंवा जिवावर उदार झालेल्या माणसाला रिक्षाने नेऊ नये, कारण रिक्षाला दार नसते. लोकलने तर मुळीच नाही. चारचाकीत त्याला मागे बसवून शेजारी विश्वासातले माणूस असावे, दारांचे चाइल्ड लॉक लावलेले असावे आणि चालकाला बोलण्यात गुंतवू नये. चार-पाच नातेवाइकांचा ताफा नेऊ नये; दोघे पुरेत, तिसरा कागदपत्रांसाठी.

खोटे सांगून नेऊ नये. आम्ही भावाला "डोंबिवलीला आत्याकडे जाऊया" असे सांगून एका रुग्णालयाच्या दारात उतरवले होते. उपचार झाले, तो बरा झाला. पण पुढची चार वर्षे तो आमच्यापैकी कोणाच्याही गाडीत बसला नाही, आणि दुसऱ्या वेळी संकट आले तेव्हा ती लबाडी आमच्या आडवी आली. दुसऱ्या वेळी मी एवढेच म्हणालो, "तुला झोप लागत नाही, त्यासाठी डॉक्टरांकडे जातोय, मी आत सोबत असेन." तासभर लागला, पण तो स्वतःच्या पायांनी चालत गेला.

## टप्पा ८: अपघात विभागात

डॉक्टरांना पहिल्या दोन मिनिटांत चार गोष्टी सांगाव्यात: आज नेमके काय झाले, कधीपासून बदल दिसतो, स्वतःला वा इतरांना कोणता धोका दिसला, आणि कोणती औषधे चालू किंवा बंद आहेत. ते पान इथे हातात द्यावे. लहानपणापासूनची कहाणी आणि सासरचा जाच नंतर. रुग्णासमोर बोलणे अवघड असेल, तर "दोन मिनिटं बाहेर बोलू का?" असे विचारावे, कारण अनेकदा रुग्ण डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटे अगदी व्यवस्थित वागतो आणि घरचे खोटे पडतात.

आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, तर तो लपवून "चुकून पडला", "ढेकणाचे औषध चुकून प्यायला" असे सांगू नये. उपचार त्या माहितीवर ठरतात. रुग्णालय वैद्यकीय-कायदेशीर नोंद करते आणि पोलीस जबाब घेऊ शकतात, एवढ्याने घाबरू नये. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार, अन्यथा सिद्ध न झाल्यास, अशा माणसावर तीव्र ताण होता असेच गृहीत धरले जाते आणि त्याला शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुन्या दंड संहितेतले कलम ३०९ उरलेलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे.

दाखल होण्याचे मार्ग समजून घ्यावेत. रुग्ण स्वतः राजी असेल, तर तो स्वतंत्रपणे दाखल होतो. निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि धोका गंभीर असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, एका मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. तातडीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. त्यात विजेचे उपचार (शॉक) बसत नाहीत. विमा असेल, तर मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण देणे विमा कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे. विमा कक्षातून तोंडी नकार आला, तर तो लेखी मागावा. लेखी मागितल्यावर सूर बदलतो.

तपासून पाहा: दाखल न करता घरी पाठवत असतील, तर निघण्याआधी तीन उत्तरे घ्यावीत. आज रात्री झोप आली नाही तर काय द्यायचे? काय दिसले तर परत आणायचे? मनोविकारतज्ज्ञांची भेट कोणत्या तारखेला?

## टप्पा ९: घरी आल्यावरचा पहिला महिना

रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे, त्यातही पहिला आठवडा, आत्महत्येच्या दृष्टीने अधिक जोखमीचे असतात. घरचे दमलेले असतात, पेढे वाटून झालेले असतात, आणि टप्पा ३ मध्ये शेजाऱ्यांकडे ठेवलेला औषधांचा डबा नेमका तेव्हाच परत येतो. तो महिनाभर तिकडेच राहू द्यावा आणि रोजच्या गोळ्या एका माणसाने हातात द्याव्यात.

पहिली तपासणी शक्यतो आठवड्याच्या आत व्हावी. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे "दहा दिवस झाले, काही फरक नाही" म्हणून ती बंद करू नयेत. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढल्यासारखे वाटले, तर औषध स्वतः न थांबवता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. गुण आल्यावर परस्पर बंद करणे ही दुसरी चूक, आणि पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे कारण म्हणून बैठकीत सर्वांत जास्त वेळा मी तीच ऐकली आहे.

झोपेची वही ठेवावी: किती वाजता झोपला, किती वाजता उठला, एवढेच. भावाच्या बाबतीत पुढचे दोन झटके आम्हाला आधी या वहीतच दिसले, चिकटपट्टी आणि वर्तमानपत्रे यायच्या आठवडाभर आधी. शेजारीपाजारी विचारतील तेव्हा काय सांगायचे, हे रुग्णालाच विचारून ठरवावे. आमच्या चाळीत "रुग्णालयात होता, आता बरा आहे" याच्या पुढे कोणी फारसे गेले नाही.

डिस्चार्जच्या दिवशीच कपाटावरचे पान नव्याने लिहावे, कारण औषधे आणि मात्रा हमखास बदललेल्या असतात. जुन्या पानाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमधून काढून टाकावा; दोन पाने फिरत राहिली की रात्री तीन वाजता नेमके जुनेच सापडते.